मुद्देमालाचा चार्ज

या धोंगडेबाई. दार जरा खांद्यानं ढकला,
लाकूड फुगलंय, तक्रार दिली आहे, उत्तर नाही.
बटण डावीकडे. ट्यूब पेटायला वेळ लावते,
तेवढ्यात उंदीर निघून जातात.
हा आमचा जुना समझोता.

तोंड पाडू नकोस.
मीही पाडलं होतं एकवीस वर्षांपूर्वी.
मरोळला दौडीत पहिला आलेला गडी मी,
रे रोडच्या नाकाबंदीत टेम्पोनं गुडघा नेला
आणि साहेब म्हणाले, "खरटमोल, मुद्देमाल बघा आता."
घरी दोन महिने बोललो नाही.
बायको विचारायची, आज कुणाला पकडलं?
मी म्हणायचो, एक मिक्सर, दोन सिलिंडर.
ती हसायची. तिला वाटायचं, विनोद करतोय.

हे रजिस्टर.
'पिवळ्या धातूची' लिहायचं, सोन्याची नाही.
'रक्तासारखे डाग' लिहायचं. रक्त की काय ते
कलिन्याची प्रयोगशाळा सांगेल.
मला आधी हे भेकडपणाचं वाटायचं.
मग कळलं, दिसतं तेवढंच लिहिणं
केवढं अवघड.
घरी करून बघ एकदा, भांडताना.

सुऱ्या वरच्या फळीवर. लाख वितळवताना खिडकी उघड.
कोर्टाचा कारकून आला तर आधी चहा, मग विषय.

काल कॅन्टीनमध्ये विचारलंस ना,
काका, कंटाळा नाही आला?
आला की. इतका, की काही वर्षं
घड्याळंच मोजत बसलो. सत्तावन्न होती,
सगळी बंद, सगळी वेगवेगळ्या वेळेला.

मग ती मिस्किटाबाई, माझगावची.
तिचं शिलाई मशीन चोरीला गेलं,
सापडलं सहा दिवसांत,
कोर्टातून सुटलं साडेसहा वर्षांनी.
तोवर इथे, या कोपऱ्यात.
मी दर पगाराच्या दिवशी दोन थेंब तेल घालायचो.
नियमात नाही. तू घालू नकोस.
म्हणजे, बघ.

बाई आली. सुपूर्तनामा ओळ न ओळ वाचला,
माझ्या दोन चुका काढल्या, मग सही.
मग चाकावर हात ठेवला
आणि फिरवायला घाबरली.
मी दुसरीकडे बघितलं.
फिरल्याचा आवाज आला.
"कोण बसत होतं हिच्यावर?"
"कुणी नाही बाई. तेल घालत होतो फक्त."
आभार वगैरे काही नाही.
बाहेर टेम्पोवाल्याशी पन्नास रुपयांवरून भांडली,
ते मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

चार दिवसांनी टेबलावर पिशवी.
रजिस्टरला बेतलेली खोळ, माप नुसत्या नजरेनं घेतलेलं.
हीच, जिला बघून मघाशी हसलीस.
लाच म्हणशील, तर नोंद आहे, पान एकशे बारा:
'फुलांसारखी नक्षी असलेले कापड, एक नग.'

त्या रात्री बायकोनं विचारलं, आज कुणाला पकडलं?
म्हटलं, आज एकाला सोडलं.
ती हसली नाही. वाढायचं थांबून बघत राहिली.

पदक नाही मिळालं. मागितलंही नाही, असं नाही,
दोनदा अर्ज केला होता.

आता शेवटचं. ती निळी छत्री.
दारुखान्याजवळचा बेवारस मयत, आठ वर्षांपूर्वीचा.
दांड्याला लाल दोरा गुंडाळलाय,
गर्दीत आपली ओळखू यावी म्हणून माणूस करतो तसा.
मार्चमध्ये हुकूम आला: नष्ट करणे.
मार्चमध्ये माझी पाठ दुखत होती.
एप्रिलमध्ये बंदोबस्त.
मग काही कारणच उरलं नाही.

कुणी येणार नाही, मला ठाऊक आहे.
तरी मालकाच्या रकान्यात मी रेघ मारलेली नाही.
ते आता तुझ्याकडे.

इथे सही कर.
नाव पूर्ण लिही, आद्याक्षरं चालत नाहीत.